टी-पेशी कधी गोळा करायच्या? कार-टी उपचारातील एका नापास बॅचचे प्रकरण

रक्ताच्या कर्करोगावरील कार-टी उपचाराबद्दल (यात रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, जनुक बदलून परत दिल्या जातात) बोलताना बहुतेक वेळा पेशी शरीरात सोडल्यानंतर काय होते यावरच चर्चा होते: ताप, सायटोकाइन वादळ (प्रतिकारशक्तीचा अतिरेकी दाह), मेंदूवरचे परिणाम. या प्रकरणातला खरा पेच त्याच्या कितीतरी आधी, पेशी गोळा करण्याच्या दिवशी पडला. रुग्णाची आणि केंद्राची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. खालचे सगळे आठवडे केमोथेरपीतील फ्लुडाराबीनच्या शेवटच्या डोसापासून मोजले आहेत. त्या डोसालाच केंद्रस्थानी का ठेवले, ते ओघात स्पष्ट होईल.

पार्श्वभूमी

रुग्ण विशीतला तरुण, वजन ६२ किलो. आजार बी-पेशींचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, फिलाडेल्फिया गुणसूत्र नसलेला. पहिल्या उपचारांनी आजार पूर्ण ओसरला होता, पण देखभालीची औषधे चालू असतानाच तो उलटला. त्यावर फ्लुडाराबीन, सायटाराबीन आणि इडारुबिसिन असलेली जोरकस केमोथेरपी दिली गेली. तिसऱ्या आठवड्यात रक्तात पुन्हा ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व) पेशी दिसल्या, म्हणजे आजाराने या उपचाराला दाद दिली नाही. तेव्हा त्याला कार-टी चाचणी चालवणाऱ्या केंद्राकडे पाठवण्यात आले.

उपचाराचे तत्त्व थोडक्यात असे. रुग्णाच्याच टी-पेशी काढायच्या, लेंटीव्हायरसच्या साहाय्याने त्यांच्यात नवा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक खूण ओळखणारा रेणू; यालाच 'कार' म्हणतात) बसवायचा, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या परत द्यायच्या. इथला ग्राहक बी-पेशींवरच्या सीडी१९ या खुणेला ओळखणारा होता. त्याला आतून चेतना देणारा भाग ४-१बीबी होता, म्हणजे पेशी तुलनेने सावकाश पण जास्त काळ काम करणाऱ्या. याच धर्तीच्या पहिल्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये, २५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांसाठी मान्यता दिली होती. तेव्हा कल्पना नवी नव्हती. या चाचणीत केंद्राच्या स्वतःच्या स्वच्छ कक्षात पेशी तयार होत होत्या, एवढाच फरक.

चाचणीतील ठरलेला डोस किलोमागे १० लाख कार-टी पेशी, म्हणजे या रुग्णासाठी ६ कोटी २० लाख. किमान मर्यादा किलोमागे ५ लाख, म्हणजे ३ कोटी १० लाख. त्याहून कमी पेशी निघाल्या तर बॅच नापास.

अडचण

रुग्ण आला तेव्हा पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला २,६०० होत्या आणि स्वयंचलित यंत्राच्या अहवालात लिम्फोसाइट ९०० दाखवले होते. चाचणीच्या प्रोटोकॉलमध्ये संकलनासाठी अट होती लिम्फोसाइट किमान ५०० किंवा सीडी३ टी-पेशी (सीडी३ ही टी-पेशींवरची खूण) किमान १५०. ९०० हा आकडा अटीत सहज बसत होता.

पण यंत्र पेशीचा आकार आणि तिच्यावरून विखुरलेला प्रकाश पाहून गट पाडते. लहान आकाराच्या ल्युकेमिया ब्लास्ट त्याच्या दृष्टीने लिम्फोसाइटच ठरतात. काचपट्टीवर डोळ्यांनी मोजल्यावर ब्लास्ट ३० टक्के निघाल्या, म्हणजे सुमारे ७८०. हे ७८० त्या ९०० मधून वजा केले की खरे लिम्फोसाइट उरतात सव्वाशेच्या आसपास, आणि त्यातही नैसर्गिक मारक पेशी वगैरे येतातच. ही वजाबाकी दोन ओळींची आहे, पण यंत्राचा अहवाल आणि काचपट्टीचा अहवाल वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या वेळी आले. अटींची यादी तपासणाऱ्याने पहिला कागद पाहून खूण केली. फ्लो सायटोमेट्रीने (पृष्ठभागावरच्या खुणांवरून पेशी ओळखणाऱ्या चाचणीने) टी-पेशी मोजायचा नमुना संकलनाच्या सकाळीच पाठवला गेला, त्यामुळे त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी हाती आला: दर मायक्रोलिटरला फक्त ५५.

दुसरी अडचण औषधाची. फ्लुडाराबीन लिम्फोसाइटवरच घाव घालते, आणि नुसती संख्या कमी करून थांबत नाही. उरलेल्या टी-पेशी थकलेल्या असतात आणि प्रयोगशाळेत नीट वाढत नाहीत. म्हणून फ्लुडाराबीन किंवा क्लोफाराबीन दिल्यानंतर संकलनाआधी साधारण ८ ते १२ आठवडे जाऊ द्यावेत असा सल्ला दिला जातो. इथे झाले होते चार.

पहिल्या वेळचे पर्याय

मुख्य संशोधक डॉक्टरांसमोर तीन वाटा होत्या. लगेच संकलन करायचे. किंवा आधी आजार दाबणारे औषध देऊन, टी-पेशी सावरेपर्यंत थांबून मग संकलन करायचे. किंवा कार-टी बाजूला ठेवून सरळ दात्याच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाकडे जायचे. तिसरी वाट लवकरच बंद झाली, कारण आजार सक्रिय असताना केलेल्या प्रत्यारोपणानंतर तो परत उलटण्याचा धोका फार मोठा असतो.

लगेच संकलन करण्याच्या बाजूने एक वजनदार मुद्दा होता. ब्लास्ट झपाट्याने वाढत होत्या. थांबलो आणि मध्येच गंभीर संसर्ग झाला किंवा पुन्हा कडक केमोथेरपी द्यावी लागली, तर संकलनाची संधीच हातची जाईल. ही भीती निराधार नव्हती. संकलनाची वाट पाहताना चाचणीतून बाहेर पडावे लागलेले रुग्ण प्रत्येक मोठ्या केंद्राने पाहिलेले असतात. चौथ्या आठवड्यात संकलन ठरले.

माझ्या मते या घाईत चुकीचा भाग एकच होता: टी-पेशींचा आकडा हाती नसताना कॅथेटर घातला गेला. आकडा ५५ आहे हे माहीत असते, तर याच पर्यायांचे वजन वेगळे झाले असते.

पहिले संकलन आणि पहिली बॅच

मानेतल्या शिरेत दोन नळ्यांचा कॅथेटर घालून अफेरेसिस यंत्रातून १२ लिटर रक्त फिरवले. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट मिसळावे लागते. ते रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रुग्णाला ओठांभोवती मुंग्या आल्या. कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू केल्यावर त्या थांबल्या. यंत्र रक्त गरगरवून थर वेगळे करते आणि एककेंद्री पेशींचा पातळ थर खेचून घेते. ब्लास्ट, मोनोसाइट आणि लिम्फोसाइट यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे तिघेही पिशवीत एकत्रच उतरतात. यंत्राला त्यांच्यातला फरक करता येत नाही.

पिशवीत एकूण ६८० कोटी पेशी आल्या. संख्येवरून संकलन उत्तम झाल्यासारखे वाटत होते. दुसऱ्या दिवशी फ्लो सायटोमेट्रीचा अहवाल आला: ब्लास्ट ५५ टक्के, मोनोसाइट २८ टक्के, सीडी३ टी-पेशी ४ टक्के. म्हणजे सुमारे २७ कोटी टी-पेशी. संकलनातून किमान १०० कोटी टी-पेशी मिळाव्यात असे उद्दिष्ट असते. तोवर पिशवी गोठवून झाली होती.

आता २७ कोटींचे काय करायचे? निम्म्या राखून ठेवाव्यात असा एक विचार होता. पण निम्म्यातून सुरुवात केली तर टी-पेशी वेगळ्या करणाऱ्या चुंबकी स्तंभातच बहुतेक पेशी वाया जातील, म्हणून सगळ्या वापरायचे ठरले.

सहा दिवसांनी कक्षात जागा मिळाली. पेशी वितळवल्या, धुतल्या आणि चुंबकी मणी लावलेल्या प्रतिपिंडांनी सीडी४ आणि सीडी८ पेशी (टी-पेशींचे दोन मुख्य गट) निवडल्या. हाती आल्या ११ कोटी, आणि शुद्धता फक्त ७१ टक्के. बाकीच्यांत मोनोसाइट आणि ब्लास्ट होत्या. मोनोसाइटवरही सीडी४ थोड्या प्रमाणात असते, म्हणून सीडी४ ची निवड त्यांनाही ओढून आणते. त्यातच वितळवताना मेलेल्या ब्लास्टचा डीएनए बाहेर पडून पेशी एकमेकींना चिकटल्या, गुठळ्या झाल्या, आणि स्तंभातून नको त्या पेशीही अडकून आल्या.

पुढचा टप्पा टी-पेशींना जागे करण्याचा. सीडी३ आणि सीडी२८ ची प्रतिपिंडे लावलेले मणी टी-पेशीमागे तीन या प्रमाणात टाकले. मोनोसाइट भक्षक पेशी आहेत, त्या हे मणी गिळतात. त्यामुळे टी-पेशींच्या वाट्याला ठरल्यापेक्षा कमी मणी येतात. दुसऱ्या दिवशी टाकलेल्या व्हायरसचेही तसेच, काही कण ब्लास्टमध्ये शिरतात. तिसऱ्या दिवशी पेशींची संख्या घटली. हे नेहमी घडते, त्याचे काही वाटू नये. पण पाचव्या दिवशीही ती सुरुवातीच्या आकड्याखालीच होती, आणि तेव्हाच बॅचचे भवितव्य कळून चुकले होते.

नवव्या दिवशी वाढ २.१ पट, जिवंत पेशी ६४ टक्के, कार असलेल्या पेशी ९ टक्के. हिशेबाने २ कोटी १० लाखांच्या आसपास कार-टी पेशी. जिवंतपणाची किमान अट ७० टक्के आणि संख्येची ३ कोटी १० लाख. दोन्हींत बॅच नापास. शिवाय अंतिम पेशींमध्ये सीडी१९ असलेल्या पेशी ०.८ टक्के सापडल्या.

नापास बॅच द्यायची का

सातव्या आठवड्यात झालेली ही बैठक या प्रकरणातली सर्वांत अवघड. आजार त्या काळात विन्क्रिस्टीनचे साप्ताहिक डोस, थोडे डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) आणि मर्कॅप्टोप्युरीन यांवर कसाबसा रोखून धरला होता.

निकषांबाहेरची बॅच देणे अशक्य नसते. रुग्णाला दुसरा पर्याय नसेल आणि नैतिकता समिती, नियामक व उपचार करणारे डॉक्टर सहमत असतील, तर तशी विशेष परवानगी मिळू शकते. संख्या थोडी कमी आहे किंवा जिवंतपणा ७० ऐवजी ६४ टक्के आहे, एवढ्याच कारणाने प्रत्येक बॅच फेकून देणे रुग्णावर अन्याय ठरेल. कार-टी पेशी शरीरात गेल्यावर वाढतात, त्यामुळे कमी डोसनेही काहींना गुण येतो. बैठकीत या बाजूने बोलणारे होते आणि त्यांचे म्हणणे वाजवी होते.

पारडे फिरले ते त्या ०.८ टक्क्यांमुळे. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रकरण प्रसिद्ध केले होते. उत्पादनाच्या वेळी एकाच ल्युकेमिया पेशीत कारचे जनुक शिरले. त्या पेशीच्या पृष्ठभागावरचा कार तिच्याच सीडी१९ ला चिकटून बसला आणि खूण झाकली गेली. कार-टी पेशींना ती दिसेनाशी झाली. त्या एका पेशीपासून वाढलेल्या आजाराने सुमारे नऊ महिन्यांनी डोके वर काढले. इथे तर एक नव्हे, लक्षावधी संशयित पेशी पिशवीत होत्या, आणि त्यांतल्या किती जणींत व्हायरस शिरला हे हमखास सांगणारी चाचणी नव्हती. डोस अपुरा असणे हा एक धोका, पण उपचाराला न जुमानणारा आजार आपल्याच हाताने रुग्णात सोडणे हा वेगळ्याच जातीचा धोका. बॅच न देण्याचा निर्णय योग्यच होता असे मला ठामपणे वाटते.

मग पुन्हा संकलन करायचे ठरले. पण त्याआधी आजार कोणत्या औषधाने दाबायचा? पुन्हा फ्लुडाराबीन किंवा तत्सम केमोथेरपी दिली की टी-पेशींचे घड्याळ शून्यावर येते. ब्लिनाटुमोमॅब टी-पेशींना मारत नाही, पण तेही सीडी१९ लाच लक्ष्य करते. त्याला दाद न देणाऱ्या किंवा सीडी१९ हरवून बसलेल्या ब्लास्ट उरल्या, तर पुढच्या कार-टीचे लक्ष्यच नाहीसे होईल. इनोटुझुमॅब सीडी२२ या वेगळ्या खुणेवरून ब्लास्टमध्ये विष पोचवते आणि टी-पेशींना फारसा धक्का लावत नाही. त्याचा मोठा दोष यकृताशी निगडित आहे: यकृताच्या बारीक शिरा बंद पडण्याचा आजार, विशेषतः नंतर प्रत्यारोपण झाले तर. या रुग्णाला पुढे प्रत्यारोपण लागण्याची शक्यता होतीच. म्हणून एकच चक्र द्यायचे ठरले: पहिल्या दिवशी ०.८, आठव्या आणि पंधराव्या दिवशी ०.५ मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर. बिलिरुबिन आणि वजन रोज पाहायचे.

रुग्णाने या वेळी विचारले, "माझ्या पेशी पुन्हा काढायच्या म्हणजे पहिल्या वाया गेल्या का?" डॉक्टरांनी त्याला दोन्ही आकडे, मिळालेले आणि हवे असलेले, कागदावर लिहून दाखवले. बॅच का देत नाही हे सांगितले आणि दुसरी बॅचही नापास होऊ शकते हेही लपवले नाही. त्यानंतर संमतिपत्र नव्याने घेतले गेले. जुन्या संमतीवर दुसरे संकलन उरकणे नियमात कदाचित बसले असते, पण रुग्णाच्या हातात असलेली माहिती बदलली होती.

दुसरे संकलन, दुसरी बॅच

इनोटुझुमॅबच्या चक्राच्या पंचविसाव्या दिवशी, म्हणजे अकराव्या आठवड्यात, दुसरे संकलन झाले. त्याआधी अस्थिमज्जेत ब्लास्ट ४ टक्के, रक्तात एकही नाही. उरलेल्या ब्लास्टवर सीडी१९ ठळक असल्याची खात्री केली. स्टिरॉइड पूर्ण बंद होते. संकलनाआधी किमान तीन दिवस ती थांबवावीच लागतात, इथे दहा दिवस झाले होते. आणि या वेळी टी-पेशींचा आकडा आदल्या दिवशी हाती होता: सीडी३ दर मायक्रोलिटरला ४२०.

११ लिटर रक्त फिरवून ५२० कोटी पेशी मिळाल्या, पहिल्या वेळेपेक्षा कमी. पण टी-पेशी ३८ टक्के, म्हणजे जवळपास २०० कोटी. दोन पिशव्या करून एक राखीव ठेवली.

उत्पादनाच्या गटातून एक सूचना आली: पहिल्या बॅचचा अनुभव पाहता वाढीसाठी आयएल-२ या वाढ-प्रथिनाऐवजी आयएल-७ आणि आयएल-१५ वापरावे, कारण त्यामुळे कमी पिकलेल्या, जास्त टिकणाऱ्या टी-पेशी मिळतात. शास्त्रीय दृष्ट्या सूचना रास्त होती, तरी संशोधक डॉक्टरांनी ती नाकारली. एका रुग्णासाठी प्रक्रिया बदलली की ते उत्पादन चाचणीतल्या इतर उत्पादनांशी तुलना करण्याजोगे राहत नाही, नवी तुलनात्मक चाचणी करावी लागते, आणि त्यात आठवडे जातात. शिवाय पहिल्या अपयशाचे मूळ कच्च्या मालात होते, पेशी वाढवण्याच्या माध्यमात नव्हते. जो भाग बिघडलेला नाही तो बदलला आणि बॅच पुन्हा फसली, तर कारण शोधणेही कठीण होते. प्रोटोकॉलने दिलेली एक मोकळीक मात्र वापरली: पेशी काढण्याची मुभा ८ ते १२ दिवसांत होती, त्यातला आठवा दिवस निवडला. प्रयोगशाळेत वाढवण्याचे जितके जास्त दिवस, तितक्या पेशी जास्त पिकतात आणि शरीरात गेल्यावर कमी टिकतात. पुरेशी संख्या लवकर मिळत असेल तर थांबून काही हाती लागत नाही.

एका पिशवीतून निवडलेल्या पेशींची शुद्धता ९२ टक्के. उरलेल्या बहुतेक मोनोसाइट होत्या. सीडी१९ पेशी मोजमापाच्या खाली. २० कोटी पेशींपासून सुरुवात केली. आठव्या दिवशी वाढ २१ पट, म्हणजे ४२० कोटी. कार असलेल्या ३४ टक्के, जिवंत ९३ टक्के, पेशीमागे व्हायरसच्या सरासरी प्रती १.९, मर्यादा ५ च्या आत. डोस भागून बरेच उरले आणि ते वेगळ्या पिशव्यांत गोठवले. निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन आणि पुनरुत्पादनक्षम व्हायरस या सगळ्या तपासण्या पूर्ण होऊन बॅच सुटायला संकलनापासून साडेतीन आठवडे लागले.

पेशी दिल्यानंतर

पेशी देण्याआधी शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइटना बाजूला सारावे लागते, म्हणजे नव्या पेशींना जागा आणि वाढीचे घटक मिळतात. त्यासाठी फ्लुडाराबीन ३० मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर चार दिवस आणि सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर दोन दिवस दिले. ज्या औषधाने पहिली बॅच बुडवली तेच इथे मुद्दाम द्यायचे असते. हव्या असलेल्या टी-पेशी तोवर फ्रीजरमध्ये सुरक्षित असतात, एवढाच काय तो फरक, आणि तोच निर्णायक.

पिशवी खाटेजवळ ३७ अंशांच्या पाण्यात, बर्फाचे शेवटचे स्फटिक विरघळेपर्यंतच वितळवली. दोघांनी नाव, क्रमांक आणि पिशवीवरचा शिक्का मोठ्याने वाचून जुळवला. पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर लावायचा नाही, हे परिचारिकेच्या तक्त्यावर ठळक लिहिले होते, कारण रक्त चढवण्याच्या सवयीने तो हात जाऊन लावला जातो आणि सगळा डोस फिल्टरमध्येच अडकतो. पूर्वऔषध म्हणून पॅरासिटामॉल आणि अँटिहिस्टामाइन. स्टिरॉइड नाही.

तिसऱ्या दिवशी ३८.९ अंश ताप आला. रक्त कल्चरला पाठवून प्रतिजैविके सुरू केली, कारण पांढऱ्या पेशी जवळजवळ नसताना हा ताप संसर्गाचा की सायटोकाइनचा हे पहिल्या तासात कोणालाच ठरवता येत नाही. पाचव्या दिवशी रक्तदाब घसरला, सलाइनने सावरला, आणि नाकातल्या नळीने थोडा ऑक्सिजन लागला. सायटोकाइनच्या त्रासाची ही दुसरी श्रेणी. टोसिलिझुमॅब (सायटोकाइनचा परिणाम रोखणारे औषध) किलोमागे ८ मिलीग्रॅम, एकूण ४९६, दिले. सहा तासांत ताप उतरला.

मेंदूवरचे परिणाम तपासायला रोज दोनदा दहा गुणांची छोटी परीक्षा घेतली जाते: जागा आणि महिना सांगणे, वस्तू ओळखणे, आज्ञा पाळणे, एक वाक्य लिहिणे, शंभरपासून दहा-दहा वजा करत जाणे. वाक्य दर वेळी तेच आणि एकाच वहीत लिहून घेतले होते. सहाव्या दिवशी संध्याकाळी गुण दहापैकी दहा होते, पण अक्षर खाली उतरत गेले होते आणि शेवटच्या शब्दातली अक्षरे एकमेकांत गुंतली होती. परिचारिकेने वही दाखवून ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावले. सातव्या दिवशी सकाळी गुण ८, संध्याकाळी ६. मेंदूवरच्या परिणामांची दुसरी श्रेणी गाठताच डेक्सामेथासोन १० मिलीग्रॅम दर सहा तासांनी सुरू झाले. टोसिलिझुमॅब मेंदूपर्यंत फारसे पोचत नाही, म्हणून इथे त्याचा दुसरा डोस देऊन उपयोग नव्हता. दहाव्या दिवशी गुण परत दहा, अक्षर पूर्ववत. अठ्ठाविसाव्या दिवशी अस्थिमज्जेत दहा हजारांत एक पेशी शोधणाऱ्या चाचणीलाही आजार सापडला नाही.

न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मात्र चोविसाव्या दिवसापर्यंत ५०० च्या खाली राहिले. इम्युनोग्लोब्युलिनही (रक्तातली प्रतिपिंडे) कमी झाले, ते शिरेतून देत राहावे लागले.

प्रत्यारोपण की वाट पाहणे

निरोगी बी-पेशींवरही सीडी१९ असते. त्यामुळे रक्तात बी-पेशी सापडत नाहीत तोवर कार-टी पेशी पहाऱ्यावर आहेत असे समजता येते. अडीच महिन्यांनी या रुग्णाच्या रक्तात बी-पेशी परतल्या, दर मायक्रोलिटरला १४. पहिल्या सहा महिन्यांत असे झाले तर सीडी१९ असलेला आजार उलटण्याची भीती वाढते.

फ्रीजरमध्ये राखीव डोस होते. ते देऊन पाहावेत, असा सोपा वाटणारा पर्याय पुढे आला. पण ग्राहकाचा बाहेरचा तुकडा उंदराच्या प्रतिपिंडापासून बनवलेला. शरीराने त्याविरुद्ध प्रतिकार उभा केला असेल तर दुसरा डोसही लवकरच नाहीसा होतो. दुसरीकडे, भावाशी ऊतक पूर्ण जुळत होते, आजार या क्षणी मोजमापाच्या खाली होता, आणि याआधी कधी प्रत्यारोपण झालेले नव्हते. प्रत्यारोपणासाठी यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. इनोटुझुमॅबच्या शेवटच्या डोसाला तोवर चार महिन्यांहून जास्त काळ लोटला होता. यकृत जपण्यासाठी तयारीच्या उपचारात दोन अल्किलेटिंग औषधे एकत्र टाळून संपूर्ण शरीराला किरणोत्सर्ग आणि इटोपोसाइड निवडले, सोबत अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल.

पेशी दिल्यापासून सव्वा वर्षाने आजार मोजमापाच्या खालीच आहे. त्वचेवर सौम्य, जुनाट स्वरूपाचा दाता-विरुद्ध-रुग्ण आजार (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात तो) आहे आणि तो मलमांनी आटोक्यात आहे. जनुक बदललेल्या पेशी दिलेल्या रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवायचे असते, ती नोंद सुरू आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा बदल कार-टी केंद्राच्या दारात येण्याआधीचा आहे. आजार पहिल्यांदा उलटला त्या दिवशी, फ्लुडाराबीनची पहिली सलाइन लावण्याआधी, टी-पेशी गोळा करून गोठवता आल्या असत्या. देखभालीच्या सौम्य औषधांवर असताना त्या यापेक्षा खात्रीने जास्त आणि ताज्यातवान्या असतात. याला विरोध असा होतो की प्रत्येक उलटलेल्या आजारात संकलन केले तर कॅथेटरचा त्रास आणि खर्च सगळ्यांना, आणि अनेकांच्या पिशव्या कधी वापरल्याच जाणार नाहीत. हा विरोध रास्त आहे. सगळ्यांचे संकलन करा असे माझे म्हणणे नाही. पण फ्लुडाराबीन किंवा क्लोफाराबीन लिहिण्याआधी कार-टी केंद्राला एक फोन करावा, आणि पुढे कार-टी लागण्याची शक्यता दिसत असेल तर आधी संकलन उरकावे. एका दिवसाच्या कामाने या रुग्णाचे जवळजवळ सात आठवडे वाचले असते.

केंद्राच्या आतले बदल छोटे आहेत आणि ते झालेही. रक्तात ब्लास्ट असतील तर यंत्राचा लिम्फोसाइटचा आकडा अटींच्या यादीत धरायचा नाही, फक्त सीडी३. तो आकडा कॅथेटर घालण्याच्या आदल्या दिवशी हाती हवा. ५० ते १५० च्या मध्ये आला तर संकलन करायचे की थांबायचे हे एकट्या डॉक्टरांनी न ठरवता उत्पादन गटासोबत बसून ठरवायचे, कारण स्तंभात किती पेशी गळतील याचा अंदाज त्यांनाच असतो. पिशवी गोठवण्याआधी तिचा छोटा नमुना फ्लो सायटोमेट्रीला जातो. टी-पेशी कमी निघाल्या आणि रुग्णाची प्रकृती ठीक असेल, तर कॅथेटर जागेवर असतानाच दुसऱ्या दिवशी पुन्हा संकलन करता येते. पहिल्या वेळी ही संधी अहवाल एक दुपार उशिरा आल्यामुळे हुकली होती. अर्थात ५५ या आकड्यावर दुसऱ्या दिवसानेही फार फरक पडला नसता. तिथे थांबणे हाच पर्याय होता.

एक प्रश्न मात्र अजून वादाचा आहे. इनोटुझुमॅबने ब्लास्ट आणि बी-पेशी इतक्या कमी केल्या की कार-टी पेशींना सुरुवातीला वाढायला लक्ष्यच थोडे उरले. बी-पेशी अडीच महिन्यांत परतण्यामागे हेही एक कारण असू शकते. आजार कमी असताना पेशी दिल्या की सायटोकाइनचा त्रास सौम्य राहतो, पण वाढीसाठी चेतनाही कमी मिळते. केंद्राने पुढच्या रुग्णांसाठी संकलनानंतरचा इनोटुझुमॅब शक्यतो टाळायचा आणि संकलनाआधी दिल्यास एका चक्रावर थांबायचे असे ठरवले आहे. बी-पेशी परतण्याचा दिवस आणि पेशी देण्याआधीच्या अस्थिमज्जेतील सीडी१९ पेशींचे प्रमाण आता प्रत्येक रुग्णासाठी एकाच तक्त्यात नोंदवले जात आहे.